खरखरीचे रसिक

फोनवर बोट टेकवलं की बुखारेस्टपासून बीजिंगपर्यंतचं हवं ते रेडिओ स्टेशन खणखणीत ऐकू येतं, तेही फुकट. अशा काळात एखादा चांगला शिकलासवरलेला, पेन्शन वेळेवर मिळणारा गृहस्थ काही हजार रुपये मोजून असा रेडिओ घरी आणतो, की ज्यावर तीच स्टेशनं धड ऐकू येत नाहीत. रात्रीची जेवणं आटोपली की तो गॅलरीत खुर्ची टाकतो, रेडिओची दांडी पूर्ण उपसून कठड्याबाहेर काढतो आणि चेहऱ्यावर परमसुख घेऊन तासभर खरखर ऐकतो. शेजाऱ्यांना वाटतं, रेडिओ बिघडला असावा. घरच्यांना वाटतं ते वेगळंच.

"हे सगळं फोनवर येत नाही का?" हा घरातला पहिला प्रश्न.

"येतं की."

"मग?"

या 'मग'ला घरच्यांचं समाधान होईल असं उत्तर आजवर कुठल्याही शॉर्टवेव्हवाल्याला देता आलेलं नाही. त्याला सांगायचं असतं ते असं : फोनवर जे येतं ते समुद्राखालच्या केबलमधून, पाच-दहा कंपन्यांच्या मेहेरबानीनं येतं, पण या डबड्यात जे येतं ते रुमानियातल्या एखाद्या तारेवरून निघतं, आकाशाला धडकतं आणि थेट कोथरूडच्या गॅलरीत उतरतं, मध्ये कुणी नाही. घरच्यांना हे पटत नाही असं नव्हे. एवढ्या लांबून कुणी येतंय तर त्यानं जरा स्पष्ट बोलायला काय हरकत होती, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

आकाशाला धडकतं म्हणजे खरोखरच धडकतं. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर सुरू होऊन तीनचारशे किलोमीटरच्याही वर पसरलेले विद्युतभारित हवेचे थर आहेत, त्यांना आयनांबर म्हणतात. त्यांच्या वरच्या थरात शिरलेली लहर मागे वळते, जमिनीवर येते, पुन्हा वर जाते, आणि कॅरममध्ये रिबाउंड मारून भलत्याच कोपऱ्यातली सोंगटी घ्यावी तसं एखादं स्टेशन दोन-तीन टप्प्यांत अर्धी पृथ्वी ओलांडून येतं. असा थर असला पाहिजे, हे केनेली आणि हेविसाइड या दोघांनी १९०२ साली तर्कानं सांगितलं, अ‍ॅपल्टननं १९२४ मध्ये प्रयोगानं सिद्ध केलं आणि १९४७ साली त्याला नोबेल मिळालं. शॉर्टवेव्हवाला ही वंशावळ पाहुण्यांना चहा येईपर्यंत सांगून मोकळा होतो. काही पाहुणे चहा न घेताच निघतात.

यातली अडचण अशी, की हे छत सूर्याच्या मर्जीवर चालतं. दिवसा खालचा थर जाडजूड होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो आणि त्याच लहरी सुसाट सुटतात. म्हणून दिवसा १९, १६, १३ मीटरचे बँड चालतात आणि अंधार पडला की ३१, ४१, ४९ मीटर जागे होतात. नव्या माणसाचा इथं हमखास घोळ होतो, कारण मेगाहर्ट्झ वाढले की मीटर कमी होतात. हिशेब सोपा आहे : ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा. पण रात्री अकरा वाजता, अंधारात, एका हातानं दांडी धरून ३०० ला ९.७ नं भागणं हे गणित शाळेत कुणी शिकवलेलं नसतं.

शिवाय सूर्यावरचे डाग. ते साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यानं कमीजास्त होतात आणि डाग वाढले की वरचे बँड बहरतात. मधल्या काही वर्षांत शुकशुकाट होता; २०२४ च्या सुमाराला डाग कळसाला पोचले. त्यामुळे इतर लोक पाऊस कधी येणार याची चर्चा करत असताना हा गृहस्थ "यंदा सूर्याचं छान चाललंय" असं काहीतरी बोलून जातो. आणखी एक चमत्कार म्हणजे लहर आकाशात जाऊन परत येईपर्यंत मधला बराचसा मुलूख ओलांडला गेलेला असतो. म्हणून व्हिएतनाम लागतं, पण शेजारच्या राज्यातलं केंद्र लागत नाही. आतल्या खोलीतून तीनदा मारलेली हाक ऐकू न येणाऱ्या माणसाला हा नियम फार लवकर पटतो.

मराठी घराला या नादाची नव्यानं ओळख करून द्यायला नको. आजोबांच्या पिढीला तो एका मंत्र्याच्या कृपेनं लागला होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या खुर्चीवर होते. आडनाव सांगतंच, मराठी माणूस. शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत, आणि त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. देशानं आता यमन, मालकंस ऐकावेत अशी त्यांची अपेक्षा. देशानं सिलोन लावलं.

कोलंबोत महायुद्धाच्या वेळी दोस्तांच्या फौजांसाठी बसवलेला दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर नंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. त्यावरून डिसेंबर १९५२ मध्ये सिनेमाच्या गाण्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र निवेदक अमीन सयानींच्या नावावर लागली. यातली खरी मजा पुढेच आहे. कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आकाशमार्गे परत मुंबईत यायची. मुंबईत तयार झालेलं गाणं, मुंबईत भरलेली टेप, आणि दादरच्या चाळीत ते पोचायचं सिलोनमार्गे! सरकारी धोरणानं इतका लांबचा वळसा क्वचितच कुणाला घालायला लावला असेल. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. आपण माघार घेतली असं सरकार काही म्हणालं नाही, पण गाणी घरी आली.

तेव्हाच्या श्रोत्यांना आवाजाच्या हेलकाव्यांची इतकी सवय होती, की गाणं नेमकं अंतऱ्यावर आल्यावर आवाज बुडाला तरी कुणी चुळबुळ करत नसे. तेवढ्या ओळी चाळीतलं कुणीतरी म्हणून टाकी, मग लताबाई पुन्हा वर येत. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी हा एरियल, कोनाड्यात मर्फी किंवा फिलिप्स, आणि पोस्टात पैसे भरून घेतलेला रेडिओचा परवाना. हा परवाना सरकारनं ऐंशीच्या दशकात कधीतरी काढून टाकला. आज ऐकायला कसलाही परवाना लागत नाही. घरातली परवानगी तेवढी पुरते.

आता खरेदी. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली बुधवार पेठ अशा ठिकाणी जाऊन 'शॉर्टवेव्ह आहे का' असं विचारलं, की दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या वयाचा अंदाज घेतो. मग तो एक लालभडक डबा काढतो. त्यात एफएम असतं, ब्लूटूथ असतं, पेनड्राइव्ह चालतो, मागे टॉर्च असतो, वर सोलर पट्टी असते आणि कडेला कुठेतरी बारीक अक्षरांत 'एसडब्ल्यू १ ते ७' असं छापलेलं असतं. यातला टॉर्च उत्तम चालतो. शॉर्टवेव्हचं म्हणाल तर काटा केसभर हलवला की तीन देश मागे पडतात, आणि बोट काढलं की काटा आपल्या मनानं चौथ्या देशात जातो.

म्हणून जाणकार सांगतात की आकडे दाखवणारा, म्हणजे डिजिटल ट्यूनिंगचा संच घ्या. ९७०० किलोहर्ट्झ दाबलं की ९७०० च लागतं. टेकसन, एक्सएचडेटा अशी चिनी नावं या मंडळींच्या तोंडी देवादिकांसारखी असतात. त्यांतले पीएल-३३०, डी-८०८ हे आकडे त्यांना स्वतःच्या गाडीच्या नंबरापेक्षा जास्त पाठ. घेताना दोनच गोष्टी बघायच्या. एक, बँडविड्थ कमीजास्त करता यावी, म्हणजे शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा घुसखोर बाहेर ठेवता येतो. दुसरी, एसएसबी असावं. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, आणि विमानांशी बोलणारी केंद्रं या पद्धतीनं बोलतात. ती सोय नसेल तर कानावर नुसतं 'क्वॅक क्वॅक' येतं आणि ऐकणाऱ्याला आपलाच रेडिओ बिघडल्यासारखं वाटतं. बाकीची बटणं कशासाठी असतात हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण पुस्तिकेचं इंग्रजीही शॉर्टवेव्हवरून आल्यासारखंच असतं. मधली वाक्यं गायब.

संच घरी येतो, सेल पडतात, दांडी वर जाते आणि दिवाणखान्यात लावल्यावर एकच स्टेशन लागतं : भर्रर्र. सगळ्या बँडवर तेच, सगळ्या मीटरवर तेच. नवखा माणूस संच परत करायला निघतो. दोष संचाचा नसतो, दोष घराचा असतो. वीज वाचवणारं प्रत्येक आधुनिक उपकरण आतल्या आत वीज अतिवेगानं चालूबंद करून आपलं काम करतं, आणि असं करताना तेही छोटासा ट्रान्समीटर होऊन बसतं. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, वायफायचा राउटर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, हे सगळे दिवसरात्र शॉर्टवेव्हवर बोलत असतात, आणि बुखारेस्टपेक्षा कितीतरी जवळून बोलतात.

इथून घरात शोधमोहीम सुरू होते. हा एका हातात रेडिओ धरून खोल्याखोल्यांतून फिरतो आणि एकेक बटण बंद करत जातो. पंखा बंद, खरखर थोडी कमी. देवघरातला एलईडीचा दिवा बंद, आणखी कमी. घरातून पहिला निषेध. राउटर बंद, आणि आतल्या खोलीतून परीक्षेचा अभ्यास करत असल्याचा दावा करणारा मुलगा प्रथमच बाहेर येतो. चार्जर काढले. टीव्हीचा प्लग काढला, नेमका मालिकेतल्या सासूनं कपाट उघडलं त्या क्षणी. शेवटी सगळं घर अंधारात, सगळी माणसं घामाघूम, आणि रेडिओत अगदी हलकं कुठलंसं संगीत. "लागलं!" असं तो ओरडतो. त्या आनंदात सामील व्हायला त्या वेळी कुणीही तयार नसतं.

महाराष्ट्रात लाइट गेले की आनंदणारा माणूस सापडला, तर तो बहुधा शॉर्टवेव्हवालाच असतो. सगळी सोसायटी 'गेले!' म्हणत असते आणि हा गॅलरीत धावतो, कारण सबंध परिसरातले बल्ब, चार्जर, टीव्ही एकदम गप्प झालेले असतात आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ही चैन मिनिटभरच टिकते. मग समोरच्या विंगमधला इन्व्हर्टर सुरू होतो, आणि स्वस्तातला असेल तर त्याची गुरगुर इतर सगळ्यांपेक्षा मोठी. अशा वेळी हा ज्या नजरेनं समोरच्या विंगकडे बघतो, त्यावरून सोसायटीत काहीतरी जुनं भांडण असावं असा लोक तर्क करतात.

घराचा दुसरा दोष म्हणजे सिमेंट आणि सळया. आरसीसीच्या पिंजऱ्यात लहरी आत शिरत नाहीत, म्हणून खिडकी, गॅलरी किंवा गच्ची. यासाठी खर्चिक एरियल लागत नाही. पाच-सात मीटर साधी इन्सुलेटेड वायर घ्यावी, तिचं एक टोक चिमट्यानं दांडीला लावावं आणि दुसरं खिडकीबाहेर सोडावं किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळावं. एवढ्यावर न थांबणारे पुष्कळ. पाच मीटरनं इतकं आलं तर पन्नास मीटरनं किती येईल, या हिशेबानं ते गच्चीभर तार ताणतात आणि मग चीनची पाच केंद्रं प्रत्येक बँडवर एकदमच येऊ लागतात. छोट्या संचाच्या पोटात एवढं मावत नाही. त्याच सुमाराला सेक्रेटरींचं पत्रही येतं. त्यात 'सामाईक जागेत विनापरवाना तार' असे शब्द असतात आणि पतंगाच्या मांजाचा उल्लेख असतो.

तारेच्या शोधात हिंडणं हे काही फक्त निवृत्तांच्या नशिबी नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये मिखाइल गोर्बाचेव क्रिमियात फोरोसच्या बंगल्यात बंडवाल्यांच्या नजरकैदेत होते. फोन तोडलेले, टीव्ही बंद. अंगरक्षकांनी नोकरांच्या खोल्यांतून पडलेले जुने रेडिओ शोधून काढले, त्यांना तारा जोडल्या, आणि सोव्हिएत संघाचे अध्यक्ष आपल्याच देशात काय चाललंय हे लंडनकडून ऐकू लागले. बीबीसी सगळ्यांत चांगलं ऐकू येत होतं, असं सुटून आल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. कोथरूडच्या गृहस्थाला ही गोष्ट पाठ असते आणि सेक्रेटरींना पाठवायच्या उत्तरात ती घालावी की नाही, यावर तो बराच विचार करतो.

एवढं सगळं झाल्यावर ऐकायला काय मिळतं? खरं सांगायचं तर, चीन. चायना रेडिओ इंटरनॅशनल इतक्या फ्रिक्वेन्सींवर आणि इतक्या भाषांत असतं, की नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात जगात दुसरा देश आहे की नाही अशी शंका येते. शिनजियांगमधल्या काशगरची केंद्रं तर आपल्या डोक्यावरच बसलेली. त्यांच्या मधल्या फटींतून जपानच्या एनएचकेची हिंदी सेवा, व्हॉइस ऑफ व्हिएतनाम, तुर्कस्तान, रुमानिया, आणि धर्मोपदेश करणारी असंख्य मंडळी. उपदेश मात्र प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर अगदी स्वच्छ ऐकू येतो.

जुनी माणसं ज्या स्टेशनांच्या आठवणी काढतात, त्यांतली बरीच उरलेली नाहीत. रेडिओ नेदरलँड्सनं २०१२ मध्ये जगभरच्या शॉर्टवेव्हचा संसार आवरला. रेडिओ ऑस्ट्रेलियानं ३१ जानेवारी २०१७ ला. बीबीसीची हिंदी सेवा मे १९४० मध्ये सुरू झाली होती. तिचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. स्टेशनं घटली, आणि त्यामुळे उरलेलं एखादं लागलं की होणारा आनंद मात्र वाढला. हा तोट्याचा सौदा आहे असं त्याला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

शिवाय ज्यांना श्रोत्यांची गरजच नाही असेही लोक तिथं असतात. ४६२५ किलोहर्ट्झवर रशियातून कित्येक दशकं एक भोंगा वाजतोय. मिनिटाला पंचवीसएक वेळा, दिवसरात्र. मधूनच एखादा माणूस रशियनमध्ये काही नावं, काही आकडे वाचतो आणि भोंगा पुन्हा सुरू. हे कशासाठी, ते मॉस्कोनं अधिकृतपणे कधी सांगितलेलं नाही. जगभरचे हौशी लोक हा भोंगा तासन् तास ऐकतात, आणि तो एखाद्या दिवशी थांबला तर त्यांची झोप उडते. ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर आशियातले विमानतळ पाळीपाळीनं वैमानिकांना हवामान सांगतात. त्या यादीत मुंबईची पाळी दर तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला. नागपूरचा शॉर्टवेव्हवाला घरबसल्या मुंबईच्या धावपट्टीवरची वाऱ्याची दिशा टिपून ठेवतो. त्याला कुठंही जायचं नसतं.

सात मेगाहर्ट्झच्या जरा वर हॅम मंडळींचा अड्डा आहे. सकाळच्या वेळी तिथं देशभरातले लोक आपला एरियल किती उंच आहे आणि दुसऱ्याचा आवाज कसा येतोय यावर बोलत असतात. दुसऱ्या विषयाला फारशी मनाई नाही, पण तो कुणाला सुचत नाही. नेमक्या याच भागात, ४२.३४ मीटरवर, १९४२ साली चले जाव चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ चालवला होता. घोषणा व्हायची की हे केंद्र भारतात कुठूनतरी बोलतंय. ते 'कुठूनतरी' मुंबईतल्या मुंबईत सारखं बदलावं लागे, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत. १२ नोव्हेंबरला चालू प्रसारणात धाड पडली. आजचा शॉर्टवेव्हवाला ३०० ला ४२.३४ नं भागतो, ७.०९ येतात, आणि तिथं काटा नेऊन ठेवतो. तिथं एक काका दुसऱ्या काकांना विचारत असतात, "माझा ऑडिओ कसा आहे?"

गोव्याची गोष्टही याच जातीची आणि त्याहून लांबलेली. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलात, सावंतवाडीच्या वर, एका ट्रकमध्ये यंत्रं बसवून गोवामुक्तीचं गुप्त केंद्र सुरू केलं. पुढे ते कॅसलरॉकला हललं आणि डिसेंबर १९६१ पर्यंत कोकणी आणि पोर्तुगीजमधून बोलत राहिलं. आंबोलीला पाऊस किती पडतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना घरातल्या एलईडी बल्बची तक्रार करायला जरा संकोच वाटायला हवा. वाटत नाही.

नवख्याला खरा घाम फोडतं ते घड्याळ. जगातलं प्रत्येक वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, छापलेलं असतं. त्यात साडेपाच तास मिळवायचे. पाच नव्हे, सहा नव्हे, साडेपाच. रात्रीचे १९०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे उत्तररात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख पुढची, वार पुढचा. शनिवारचा कार्यक्रम ऐकायला गजर लावून उठलेला माणूस शुक्रवारचा ऐकून झोपतो. हे अंगवळणी पडेपर्यंत मार्चचा शेवटचा रविवार येतो. त्या दिवशी आणि पुन्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या जगाच्या फ्रिक्वेन्सी बदलतात, आणि वहीतली सारी पानं रद्दीत जातात. या कारणासाठी हा माणूस कॅलेंडरवर ज्या रविवारी खूण करतो, त्याच रविवारी घरात कुणाचा तरी साखरपुडा असतो.

स्टेशन लागलं तरी ते कुठलं, हे कुठं कळतं? भाषा येत नसेल तर सुरुवातीच्या खुणेच्या धुनीवर विसंबायचं. आकाशवाणीची धून सगळ्यांना ओळखू येते. ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे तेव्हा मुंबईत राहणारे मध्य युरोपातले ज्यू संगीतकार, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. रेडिओ न्यूझीलंड एका पक्ष्याचा, बेलबर्डचा, आवाज वाजवतं. रेडिओ ऑस्ट्रेलिया कूकाबुरा नावाच्या पक्ष्याचं हसणं वाजवायचं. त्यामुळे पहाटे साडेचारला गॅलरीत पक्ष्याचा आवाज आला तर आधी न्यूझीलंड समजायचं की समोरचा वड, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आणि एवढं ऐकून ऐकणाऱ्यानं ते लिहून काढायचं असतं. स्टेशनला अहवाल पाठवला की ते क्यूएसएल कार्ड पाठवतं. 'तुम्ही आम्हांलाच ऐकलंत' असा दाखला. अहवालात तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी आणि सिनपो हा पाच आकड्यांचा निकाल द्यायचा : आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनची घुसखोरी, खरखर, आकाशाची स्थिती आणि एकंदर, प्रत्येकाला पाचपैकी गुण. शाळेत कुणालाही पस्तिसाच्या वर न चढवणारे निवृत्त मास्तर इथं मात्र सढळ होतात. ज्यातलं एक वाक्य समजलं नाही त्याला ४५४४४ देऊन टाकतात. शिवाय कार्यक्रमात काय होतं याचा पुरावा लागतो. अनोळखी भाषा असेल तर तो साधारण असा तयार होतो : ००.३० ला पुरुष बोलला. ००.३४ ला संगीत, बासरीसदृश. ००.३७ ला बाई बोलली. ००.४१ ला तोच पुरुष पुन्हा, या वेळी जरा चिडलेला. जगातल्या मोठमोठ्या राष्ट्रांच्या परराष्ट्र प्रसारणाचा असा सारांश पोस्टानं त्यांनाच परत जातो, आणि ते मनापासून आभार मानतात.

पूर्वी कार्डाबरोबर कॅलेंडर, पेनन्ट, स्टिकर असा ऐवज यायचा आणि परदेशी तिकिटाचं पाकीट बघून पोस्टमन दोन मिनिटं दारात रेंगाळायचा. आता बरीच स्टेशनं कार्ड ईमेलनं पाठवतात. ते फोनमध्ये ठेवून चालत नाही. फोनमध्ये काय, कुणीही ठेवेल. म्हणून गृहस्थ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. मुलगा फाइल उघडतो. पडद्यावर डोंगर, देवळाचा कळस, त्याखाली अगम्य अक्षरं आणि कोपऱ्यात ९७०० किलोहर्ट्झ.

"काका, व्हिसा का?"

"नाही, नाही. रेडिओचं आहे. जाड कागदावर, रंगीत काढ."

"एकच कॉपी?"

"दोन."

"लॅमिनेशन?"

"करायचंच."